शिकार आणि क्ले शूटिंग या दोन्हींसाठी परवडणारी शॉटगन कोणती घ्यावी?

मक्याचे रान

नमस्कार. आम्ही आयोवातील सीडर रॅपिड्सच्या परिसरात राहतो. कार्यालयातील काही सहकारी उन्हाळाभर क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायला जातात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारी फेझंट या रानपक्ष्याचा हंगाम उघडला की कुत्री घेऊन रानात असतात. त्यांच्याबरोबर क्लबवर जाऊ लागल्यापासून मला या खेळाची मनापासून गोडी लागली आहे. राज्याचा शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून परवानाही काढला आहे. ग्रीन कार्ड असल्यामुळे खरेदीत अडचण येऊ नये, असे वाटते.

आता स्वतःची बंदूक घ्यायची आहे. तिच्यासाठी सुमारे ६०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. एकाच बंदुकीवर ट्रॅप व स्कीट हे तबकड्यांच्या नेमबाजीचे दोन प्रकार आणि फेझंट अशी तिन्ही कामे व्हावीत, अशी अपेक्षा आहे. दुकानात मला तीन प्रकार दाखवले गेले : अडीचशे-पावणेतीनशे डॉलरच्या घरातली मॅव्हरिक ८८ ही पंप (प्रत्येक बारानंतर हाताने यंत्रणा फिरवायची) बंदूक, पाचशेच्या आसपासची स्टोगर काँडोर ही ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) आणि सहाशेच्या जवळपासची एक तुर्की बनावटीची सेमी-ऑटो (पुढचे काडतूस आपोआप भरणारी). तिन्ही हातात घेऊन पाहिल्या, परंतु नेमके काय पाहायचे हेच कळत नव्हते. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि बांधा सडसडीत आहे. पत्नीलाही हा खेळ शिकायचा आहे, त्यामुळे नळीचे माप १२ गेज घ्यावे की २० गेज, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दुनळी

उत्तर देण्याआधी प्रश्नांचा क्रम बदलावा, असे सुचवतो. पंप, सेमी-ऑटो की ओव्हर-अंडर हा प्रश्न तिसरा आहे. बंदूक तुमच्या अंगाला बसते का, हा पहिला. आणि वर्षभराच्या काडतुसांसाठी तुम्ही किती पैसे काढून ठेवणार, हा दुसरा. बहुतेक नवे लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्या दोघांची आठवण त्यांना हंगाम संपताना होते.

रायफलीला मागच्या बाजूला नेम धरण्याचे साधन असते. शॉटगनला ते नसते. ते काम नेमबाजाचा डोळा करतो आणि तो डोळा नळीच्या रेषेत येणार की नाही, हे दस्त्याची लांबी, त्याचा उतार आणि तुमच्या गालाचे हाड यांवर ठरते. दस्ता लांब असेल तर बंदूक खांद्याला लावताना त्याचे टोक काखेत अडकते. आखूड असेल तर बार उडाल्यावर अंगठ्याची पेरे नाकावर येतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक शॉटगनच्या दस्त्याची लांबी, चापापासून मागच्या टोकापर्यंत मोजली तर, १४ ते साडेचौदा इंच असते. ती साधारणपणे तुमच्यापेक्षा उंच माणसाला सोयीची आहे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला साडेतेरा ते पावणेचौदा इंच बरी पडते.

दुकानात तपासण्याची रीत अशी. बंदूक रिकामी असल्याची तुम्ही आणि विक्रेत्याने दोघांनीही डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. मग भिंतीवरच्या एखाद्या बिंदूकडे पाहून डोळे मिटावेत, बंदूक सहजपणे खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि डोळे उघडावेत. नळीच्या वरची पट्टी अगदी थोडी दिसत असेल आणि टोकाचा मणी त्या बिंदूच्या जवळपास असेल, तर ती बंदूक तुमची आहे. पट्टी रस्त्यासारखी लांबच्या लांब दिसत असेल तर छर्रे वर जातील. फक्त बंदुकीची मागची बाजूच दिसत असेल तर खाली जातील. मणी बाजूला दिसला आणि मान वाकडी करून तो जुळवावा लागला, तर ती बंदूक कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. ही तपासणी फेझंटच्या हंगामातला जाड कोट अंगात घालून पुन्हा करावी, कारण कोटामुळे दस्ता अर्धा इंच तरी लांब झाल्यासारखा होतो. दस्त्याच्या मागे पातळ चकत्या घालून किंवा काढून लांबी बदलता येईल अशी बंदूक मिळाली, तर तुमच्या उंचीच्या माणसाने तीच घ्यावी.

याच वेळी आपला प्रबळ डोळा कोणता, तेही पाहून घ्या. दोन्ही हातांच्या पंज्यांचा लहान त्रिकोण करून त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू त्रिकोणातच राहते, तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर दोन्ही डोळे उघडे ठेवून तबकडी फोडणे फार अवघड जाते. अशा वेळी चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावतात किंवा सरळ डाव्या खांद्यावरून शिकतात. नवशिक्याने दुसरा मार्ग धरलेला बरा, कारण त्याला जुनी सवय मोडायची नसते.

आता पैशांचे. पंचवीस काडतुसांची साधी पेटी दहा डॉलरच्या आसपास पडते आणि पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीला क्लब जवळपास तेवढेच घेतो. एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याला एक फेरी धरली, तर सहाशे डॉलर त्यातच जातात, म्हणजे बंदुकीइतकी रक्कम पहिल्याच हंगामात उडते. सगळे सहाशे बंदुकीवर घालून काडतुसांसाठी हात आखडणारा माणूस शिकत नाही. साडेतीनशेची बंदूक घेऊन उरलेल्या पैशांत चांगल्या प्रशिक्षकाकडे दोन-चार धडे घेणारा त्याच्या पुढे जातो.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही कामांसाठी एकच बंदूक हवी असेल, तर माझे मत वायूच्या दाबावर चालणाऱ्या १२ गेज सेमी-ऑटोला आहे. नळी २८ इंची असावी आणि तिच्या तोंडाशी बसणारे, छर्ऱ्यांचा पसारा आवळणारे चोक बदलता यावेत. या बंदुका काडतुसातला थोडा वायू यंत्रणा फिरवण्यासाठी वापरतात आणि धक्का जरा लांबवून देतात. खांद्याला तो फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. स्कीटमध्ये पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या जागेवर दोन तबकड्या एकदम सुटतात, तेव्हा हात न हलवता दुसरा बार मिळतो. तुमच्या अंदाजपत्रकात ट्रायस्टारची वायपर जी२ येते. बेरेट्टाची ए३०० अल्टिमा सरस आहे, पण ती हजाराच्या घरात जाते. स्टोगरची एम३००० मात्र वायूवर चालत नाही, इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्याच्या जोरावर चालते. अशी बंदूक आतून स्वच्छ राहते, परंतु धक्का अधिक देते आणि नवी असताना हलक्या काडतुसांवर कधीकधी पूर्ण फिरत नाही.

फक्त ट्रॅपसाठी बनवलेली बंदूक स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ट्रॅपमध्ये तबकडी सतत वर चढत असते, म्हणून ती बंदूक मुद्दाम उंच मारा करणारी असते. शेतात आडव्या उडणाऱ्या फेझंटच्या कोंबड्यावर, म्हणजे नरावर, तिचा बार वरून जाईल.

उत्तरवारा

दुनळी यांनी बंदूक अंगाला बसण्याविषयी जे लिहिले आहे, ते प्रत्येक शब्दानिशी मान्य. मात्र निष्कर्षाशी मी सहमत नाही. सहाशेच्या मर्यादेत पंप घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पंप बंदुकीची यंत्रणा तुमच्या हाताने फिरते, त्यामुळे काडतूस हलके आहे की भारी, याच्याशी तिला देणेघेणे नसते. क्लबवर २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे आणि रानात ३५ ग्रॅमचे काडतूस ती सारख्याच निश्चिंतीने मारते. आयोवात फेझंटचा हंगाम १० जानेवारीपर्यंत चालतो. डिसेंबरात पारा शून्याच्या बराच खाली असतो, तेव्हा जाड तेल घातलेल्या आणि क्लबच्या काजळीने भरलेल्या सेमी-ऑटो अडखळतात. ती काजळी नियमित साफ करण्याची शिस्त ज्याच्याकडे आहे, त्याने सेमी-ऑटो जरूर घ्यावी. नव्या माणसाला मात्र बंदूक पाच मिनिटांत उघडून पुसता आली पाहिजे.

रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून बनते आहे आणि तिने व मॉसबर्ग ५०० ने प्रत्येकी एक कोटीचा टप्पा कधीच ओलांडला. एवढ्या बंदुका बाजारात असल्यामुळे सुटे भाग, जादा नळ्या आणि चोक कोणत्याही गावात मिळतात. मॅव्हरिक ८८ ही मॉसबर्गचीच स्वस्त आवृत्ती आहे. मुख्य फरक सुरक्षा-कळीचा : ५०० ची कळ दस्त्याच्या पुढे, वरच्या बाजूला अंगठ्याखाली येते, तर मॅव्हरिकची चापाच्या कडीत आडवी असते. अंगठ्याखालची कळ उजव्या-डाव्या दोन्ही हातांना सारखी सोयीची आहे. प्रबळ डोळ्याच्या तपासणीनंतर डाव्या खांद्यावरून शिकायचे ठरले, तर चारशेच्या आसपास मिळणारी मॉसबर्ग ५०० घ्यावी. नाही तर मॅव्हरिकवर कोणतेही काम अडत नाही. २८ इंची नळीची आणि चोक बदलता येणारी घ्या. घरसंरक्षणासाठी म्हणून विकतात ती आखूड नळीची घेऊ नका. ती झपाट्याने फिरते आणि तितक्याच झपाट्याने थांबते, त्यामुळे उडत्या तबकडीच्या मागे ओघ राहत नाही.

एका गोष्टीवर दुनळी यांचे म्हणणे खरे आहे : पंपवर धक्का जास्त लागतो. त्यावर उपाय काडतुसात आहे. ट्रॅपसाठी ३२ ग्रॅमऐवजी २८ किंवा २४ ग्रॅमची काडतुसे घ्या. ऑलिंपिकमध्येही २४ ग्रॅमच चालतात, तेव्हा क्लबच्या तबकडीला ती कमी पडायचे कारण नाही.

कलम आणि परवाना

धागाकर्त्यांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे त्यांचा मार्ग सरळ आहे. विक्रेत्याकडे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरायचा, ओळखपत्र दाखवायचे आणि पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाली की बंदूक हाती येते. हा धागा व्हिसावर असलेली मंडळीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द अधिक लिहितो, कारण या बाबतीतला गैरसमज फार महाग पडतो.

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा स्थलांतराखेरीजच्या व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यांतला आपल्या उपयोगाचा म्हणजे कोणत्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. अडचण मुदतीची आहे. आयोवाचा वार्षिक परवाना पुढील वर्षीच्या १० जानेवारीला संपतो. त्यानंतर नवा परवाना न काढता बंदूक कपाटात नुसती ठेवली असली, तरी ते बेकायदा बाळगणे ठरते. शिकारीला जायचे नसले, फक्त क्ले शूटिंगच करायचे असले, तरीही परवान्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. शिवाय हा अपवाद व्यक्तीपुरता असतो. पतीच्या परवान्यावर एच-४ वरील पत्नीने क्लबवर बंदूक हाताळणे बसत नाही. तिचा स्वतंत्र परवाना हवा.

आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारी-प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रौढांसाठी ते ऑनलाइन पुरे होते.

गांजाचा प्रश्नही गांभीर्याने घ्यावा. अनेक राज्यांनी तो कायदेशीर केला असला, तरी संघराज्याच्या कायद्यात त्याचे सेवन करणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही, आणि ४४७३ अर्जात तो प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. त्या अर्जावर खोटे उत्तर देणे हा गंभीर गुन्हा आहे. बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला, तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढले जाऊ शकते. ज्यांच्या बाबतीत तिळमात्र शंका असेल, त्यांनी खरेदीपूर्वी वकिलाला विचारावे.

पाणकोंबडी

१२ की २० गेज, यावर लिहिते, कारण पत्नीसाठी म्हणून २० गेज घेण्याचा सल्ला दुकानात सर्रास मिळतो आणि तो नेहमीच बरोबर नसतो.

गेज म्हणजे नळीच्या व्यासाच्या किती शिशाच्या गोळ्या एका पौंडात बसतात, ती संख्या. म्हणून आकडा मोठा तशी नळी लहान. २० गेजचे काडतूस लहान असते हे खरे, पण तिची बंदूकही हलकी असते, आणि हलकी बंदूक धक्का कमी शोषते. सहा पौंडांच्या २० गेज पंपवर २५ ग्रॅमचे काडतूस मारले, तर साडेसात पौंडांच्या १२ गेज सेमी-ऑटोवर २४ ग्रॅमचे मारण्यापेक्षा खांदा अधिक दुखतो. आमच्या क्लबमध्ये शिकायला येणाऱ्या स्त्रियांना मी वजनदार १२ गेज आणि हलके काडतूस हीच जोडी देते. पहिल्या दिवशी खांद्यावर काळानिळा डाग पडला नाही, तर त्या दुसऱ्या दिवशी परत येतात. रानात दिवसभर चालायचे असेल, तेव्हा मात्र दीड पौंडाचा फरक दुपारनंतर हातांना कळतो, आणि तिथे २० गेजची बाजू खरोखर वरचढ आहे.

दस्त्याच्या लांबीविषयी दुनळी यांनी लिहिले, त्याला पुस्ती जोडते. आपल्याकडच्या बऱ्याच स्त्रियांना तेरा इंचांच्या आसपासचा दस्ता लागतो. तेरा इंची दस्त्याच्या छोट्या आवृत्त्या बहुतेक कंपन्या काढतात, आणि मॉसबर्ग ५०० ला तर आखूड दस्ता नंतरही बसवता येतो. तुम्ही दोघे एकच बंदूक वापरणार असाल, तर दस्ता तिच्या मापाचा घ्या. लांब दस्ता आखूड माणसाला जितका नडतो, तितका आखूड दस्ता लांब माणसाला नडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका घरात, विशेषतः एका पिशवीत, १२ आणि २० गेजची काडतुसे कधीही एकत्र येऊ देऊ नका. २० गेजचे काडतूस चुकून १२ गेजच्या नळीत टाकले, तर ते खाली पडून जात नाही. नळीत पुढे सरकून मधेच अडकते. मागून पाहिले तर कक्ष रिकामा दिसतो. माणसाला वाटते की काडतूस भरायचे राहिले. तो १२ गेजचे भरतो आणि चाप ओढतो. नळी हाताच्या जवळच फुटते. याच कारणासाठी अमेरिकेत २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची बनवतात आणि १२ गेजला तो रंग देत नाहीत. जॅकेटच्या खिशात मागच्या आठवड्याचे एखादे पिवळे काडतूस राहिले नाही ना, हे क्लबवर पाऊल ठेवण्याआधी चाचपून पाहावे. हा धोका कायमचा टळावा म्हणून आम्ही घरात एकच गेज ठेवले आहे, आणि तुम्हीही तेच करावे, असे कळकळीने सांगते.

मक्याचे रान

सर्वांचे मनापासून आभार. त्रिकोणाची तपासणी घरीच करून पाहिली. माझा उजवा डोळा प्रबळ आहे आणि पत्नीचा डावा. त्यामुळे अंगठ्याखालच्या कळीचा मुद्दा आमच्या घराला नेमका लागू पडतो. गेज मात्र एकच, बारा, हे ठरले.

आणखी दोन शंका. एका सहकाऱ्याच्या ओळखीत जुनी ओव्हर-अंडर साडेपाचशेला मिळते आहे. ती पाहावी का, आणि पाहायची तर काय पाहावे? दुसरे म्हणजे, बंदुकीबरोबर तीन चोक येतात, त्यांपैकी कोणता कधी लावायचा?

दुनळी

पाहायला जरूर जा, पण पैसे घरी ठेवून जा. ओव्हर-अंडर ही क्लबवर अतिशय सुखाची बंदूक आहे : उघडली की ती निर्धोक आहे हे सगळ्यांना लांबून दिसते, रिकामी काडतुसे शेजाऱ्याच्या अंगावर उडत नाहीत आणि दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. परंतु दोन नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा जुळवून डाख लावणे हे कष्टाचे काम आहे, आणि अगदी स्वस्त ओव्हर-अंडरमध्ये काटकसर तिथेच होते.

बंदूक हाती आली की आधी ती रिकामी आहे हे पाहा. मग पुढचा लाकडी भाग काढून टाका, बंदूक मिटवा आणि नळ्या एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात धरून हलवा. बिजागरीत खडखड जाणवली, तर व्यवहार तिथेच थांबवा. ती दुरुस्त करण्याचा खर्च बंदुकीच्या किमतीला भिडतो. लाकूड काढलेलेच आहे, तर त्याखाली गंज आहे का, तेही पाहा, कारण वरून तेल पुसणारे बरेच जण हा भाग उघडत नाहीत. बंद करण्याची वरची किल्ली कुठे थांबते, तेही बघा. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. झीज होत गेली की डावीकडे सरकते. नंतर नळ्या वेगळ्या करून त्यांतून खिडकीच्या उजेडाकडे पाहा. आतली चकाकती वर्तुळे एकात एक नीट बसलेली दिसली पाहिजेत. एखादे वर्तुळ चेपलेले दिसले, तर तिथे नळीला पोचा आहे. दोन्ही नळ्यांचे चोक हाताने फिरवून काढा. वर्षानुवर्षे न काढलेला चोक गंजून आत धरतो. शेवटी मालकाच्या परवानगीने, आत नकली काडतुसे घालून, दोन्ही नळ्यांचा चाप ओढून पाहा. काही बंदुकांत दुसऱ्या नळीचा चाप पहिल्या बाराच्या धक्क्यानेच तयार होतो, म्हणून नकली काडतुसांवर दुसरी नळी चालली नाही तर गोंधळू नका. दस्त्याच्या मागे तळहाताने थाप मारून पुन्हा ओढा.

चोकचे गणित असे. तो नळीच्या तोंडाशी किंचित अरुंदपणा आणतो आणि छर्ऱ्यांचा पसारा आवळतो. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात, यावर त्याची प्रत ठरते : इम्प्रूव्हड सिलिंडरला सुमारे निम्मे, मॉडिफाइडला साठ टक्के, फुलला सत्तर. स्कीटच्या तबकड्या जवळ असतात, तिथे इम्प्रूव्हड सिलिंडर आणि ९ नंबरचे छर्रे (आकडा मोठा तसा छर्रा बारीक). ट्रॅपमध्ये तुम्ही तबकड्या फेकणाऱ्या यंत्राच्या खोलीच्या मागे सोळा यार्डांवर उभे असता आणि तबकडी पळत लांब जाते, तिथे मॉडिफाइड आणि साडेसात किंवा ८ नंबर. फेझंटला, कुत्रा चांगला असेल आणि पक्षी जवळून उठत असेल तर इम्प्रूव्हड सिलिंडर, हंगामाच्या शेवटी पक्षी बुजलेले असतात तेव्हा मॉडिफाइड. शिसे असेल तर ५ किंवा ६ नंबर.

तरीही चोकवर कोरलेल्या नावावर विसंबून न राहता कागदावर मारून पाहा. मोठा पांढरा कागद चाळीस यार्डांवर ताणून लावा, मधोमध ठिपका काढा, एकच बार टाका आणि मग छिद्रांच्या दाट भागाभोवती तीस इंचांचे वर्तुळ आखा. ६ नंबरचे ३५ ग्रॅम शिसे म्हणजे सुमारे २८० छर्रे. मॉडिफाइडने त्यांतले १७० च्या आसपास वर्तुळात बसले, तर चोक आणि काडतूस यांची जोडी जमली. वर्तुळाच्या आत हाताचा पंजा मावेल अशी रिकामी जागा कुठे राहते, तेही पाहा. कोंबडा त्या जागेतून निसटतो किंवा जखमी होऊन गवतात जातो. आणि वर्तुळाचे केंद्र ठिपक्यापासून किती सरकले, यावरून बंदूक तुमच्या अंगाला बसते की नाही, याचा निकाल लागतो. हे काम फार थोडे लोक करतात. पक्ष्यावर बार टाकणाऱ्याने ते केलेच पाहिजे, असे मी मानतो.

कोकणातला

चर्चा वाचून एक शंका आली. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात शेती-संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजूनही काही घरांत आहेत. माझ्या मुलीला तबकड्यांवरची नेमबाजी खेळ म्हणून शिकायची आहे. भारतात त्यासाठी शॉटगन घेता येते का?

कलम आणि परवाना

शिकारीचा विचार मनातून पूर्ण काढून टाकावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात ती बंद आहे, आणि शेती-संरक्षणाचा बंदूक-परवाना असला, तरी रानडुकराला मारण्याची स्वतंत्र परवानगी वनखात्याकडून लागते. खेळ म्हणून मात्र ट्रॅप आणि स्कीटचा रस्ता उघडा आहे. शस्त्र परवाना १९५९ च्या कायद्याखाली मिळतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि परदेशी बंदूक आयात करण्याची सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. त्यामुळे आधी राज्य संघटनेशी संलग्न क्लबचे सदस्यत्व घ्यावे, क्लबच्या बंदुकीवर शिकावे आणि मुलगी स्पर्धेत उतरू लागली की परवान्याकडे वळावे. या खेळात आपल्या देशाची कामगिरी अभिमानाची आहे : बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्य मिळवले आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे.

मक्याचे रान

ओव्हर-अंडर पाहून आलो. दुनळी यांनी सांगितल्याप्रमाणे पुढचे लाकूड काढले आणि बिजागरी हलली, त्यामुळे व्यवहार केला नाही. शेवटी २८ इंची नळीची मॉसबर्ग ५०० घेतली असून तिला आखूड दस्ता बसवला आहे. उरलेल्या पैशांतून २४ ग्रॅमच्या काडतुसांची एक मोठी पेटी आणि आम्हा दोघांसाठी कानांचे व डोळ्यांचे संरक्षण घेतले. चोकचा कागद या रविवारी लावणार आहोत.

सहकारी म्हणतात की काही सरकारी रानांत शिशाचे छर्रे चालत नाहीत. तिथे काय वापरावे? आणि बंदुकीच्या मॅगझीनमध्ये एक लाकडी दांडी निघाली. ती ठेवायची की काढायची?

उत्तरवारा

उत्तम निवड. अभिनंदन.

पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिसे १९९१ पासून सबंध अमेरिकेत बंद आहे, कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. आयोवातल्या पाणथळ सरकारी रानांपैकी काहींमध्ये फेझंटसाठीही बिनविषारी छर्ऱ्यांचीच अट आहे. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ते लिहिलेले असते. स्वस्तातला पर्याय म्हणजे पोलाद. पोलाद शिशापेक्षा हलके असल्यामुळे दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो, म्हणजे जिथे शिशाचे ५ नंबर तिथे पोलादाचे ३. पोलाद दबत नाही, म्हणून त्याच्यासाठी फुल चोक लावू नका. इम्प्रूव्हड सिलिंडर किंवा फार तर मॉडिफाइड पुरे. तुमची बंदूक तीन इंची कक्षाची आहे, तिला पावणेतीन आणि तीन इंची दोन्ही काडतुसे चालतात. पोलादाचा कागदही वेगळा मारून पाहा, कारण त्याचा पसारा शिशापेक्षा घट्ट पडतो.

दांडीचे नाव प्लग. स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावली पाहिजेत, असा संघराज्याचा नियम आहे. त्यासाठी ती असते. फेझंट स्थलांतरित नाही, त्याच्यासाठी तिची सक्ती नाही. पण आयोवात १ सप्टेंबरला होल्यांचा हंगाम उघडतो, त्याला प्लग लागतो आणि परवान्यावर स्थलांतरित पक्ष्यांची नोंदणीही लागते. क्लबवर एका वेळी एक किंवा दोनच काडतुसे भरायची असतात, तेव्हा प्लगने तिथेही काही अडत नाही. आत राहू द्या.

फेझंटच्या दिवशी सकाळी आठच्या आधी आणि दुपारी साडेचारनंतर बार टाकता येत नाही, दिवसाला तीनच कोंबडे घेता येतात, कोंबडीवर, म्हणजे मादीवर, बंदूक उचलायची नाही, आणि अंगावर ठळक नारिंगी रंगाचा एक तरी कपडा हवा. उठलेला पक्षी नर आहे, हे रंगावरून आणि त्याच्या ओरडण्यावरून पटेपर्यंत सुरक्षा-कळीवरचा अंगठा हलवू नका. ढगाळ दिवशी, सूर्य समोर असताना किंवा मक्याच्या ताटांतून पक्षी उठला तर हे पटायला वेळ लागतो. तेवढ्यात तो टप्प्याबाहेर गेला तर जाऊ द्यावा.